संदेश बिघडला, पण कशामुळे?

अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ग्रेट डक नावाचे बेट आहे. तेथे पेट्रेल हे समुद्रपक्षी जमिनीत बिळे करून अंडी घालतात. त्यांना माणसाचा त्रास न होता बिळांतील व बाहेरील हवामान कळावे, म्हणून २००२ साली शास्त्रज्ञांनी तेथे ३२ बिनतारी संवेदक बसविले. अशा संवेदकांना बॅटरीच्या शिदोरीवरच दिवस काढावे लागतात. त्यामुळे फुकट गेलेला प्रत्येक संदेश महाग पडतो.

संदेश ० आणि १ या बिटांच्या छोट्या पॅकेटांतून जातो. आज अशा कामासाठी रूढ असलेल्या ८०२.१५.४ या मानकानुसार एका पॅकेटात जास्तीत जास्त १२७ बाइट मावतात. पॅकेटाच्या शेवटी १६ बिटांचा ताळा असतो. तो जुळला नाही, की पॅकेट बिघडले हे ग्राहकाला कळते. का बिघडले, हे मात्र ताळा सांगत नाही.

कारणे मुख्यतः दोन. अंतरामुळे लहर क्षीण झाली, तर गोंगाटात एखादा ० हा १ भासतो. दुसरे कारण टक्कर. संवेदक बोलण्यापूर्वी कानोसा घेतात. परंतु टेकडीच्या दोन बाजूंना असलेले दोन संवेदक एकमेकांना ऐकू शकत नाहीत. ते एकदम बोलले, की दोघांनाही ऐकणाऱ्या ग्राहकापाशी लहरी एकमेकींत मिसळतात.

वर्गातील उदाहरण घ्या. पुटपुटणाऱ्या मुलाला गुरुजी ‘मोठ्याने बोल’ म्हणतात. दोन मुले एकदम बोलू लागली, तर मात्र एकाला थांबवावे लागते. तेथे आवाज चढवून गोंधळच वाढेल. संवेदकांचेही तसेच आहे. लहर क्षीण असेल तर शक्ती वाढवावी, टक्कर झाली असेल तर थोडे थांबून पुन्हा पाठवावे. उपाय चुकला, की बॅटरी वाया!

मग निदान कसे करायचे? ग्राहकाला लहरीची तीव्रता मोजता येते. बिघडलेले पॅकेट क्षीण असेल, तर पहिल्या कारणाचा संशय घ्यावा. तीव्रता भरपूर असूनही ताळा चुकला, तर बहुधा टक्कर. दुसरी खूण चुकांच्या जागांची. पुन्हा आलेली अचूक प्रत शेजारी ठेवून पाहिली, तर क्षीण लहरीतील चुका विखुरलेल्या आढळतात. टक्करीतील चुका, जेवढा भाग एकमेकांवर आला तेवढ्यातच दाटीने असतात. या खुणा अचूक नाहीत. जवळच्या वाय-फायचा व्यत्ययही टक्करीसारखाच दिसतो. तरीही अंदाजाने उपाय करण्यापेक्षा हे निदान केव्हाही बरे.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी: टक्कर झाल्यावर दोन्ही संवेदक नेमका सारखाच वेळ थांबले, तर काय होईल?