कॉलेजला जाण्याआधी दुसरा क्लॅरिनेट कोणता घ्यावा?

परदेशातल्या संगीत महाविद्यालयात प्रवेश मिळाला की घरात पेढे वाटले जातात आणि लगेच खरेदीची यादी सुरू होते. बडोदा, इंदूर, हैदराबाद, बेंगळुरू, कुठल्याही मराठी घरातून मला एक प्रश्न हमखास येतो. "मुलीकडे बी फ्लॅट क्लॅरिनेट आहे. आता ए, ई फ्लॅट, बास असे सगळे देऊनच पाठवायचं का?" कधी कधी त्यासाठी मुदत ठेव मोडायची तयारी झालेली असते. म्हणून आज उत्तर आधी सांगतो, कारणं मागून.

वादन हाच मुख्य विषय असेल, तर ए क्लॅरिनेट घ्या. बाकीचे आत्ता घेऊ नका. आणि इंजिनिअरिंग शिकता शिकता हौसेने कॉलेजच्या बँडमध्ये वाजवायचं असेल, तर काहीच घेऊ नका. बँडमध्ये बहुतेक सगळं काम बी फ्लॅटवरच होतं.

आता बघा, इतके क्लॅरिनेट लागतात कशाला? गायकाने पट्टी बदलली की पेटीवाला बोटं सरकवतो. क्लॅरिनेटवाला वाद्य बदलतो. कागदावर पांढरी एक लिहिलेली असेल, तर बी फ्लॅट क्लॅरिनेटमधून काळी पाच ऐकू येते, ए मधून पांढरी सहा आणि ई फ्लॅटमधून काळी दोन. बोटं तीच, पट्टी वेगळी. समजा ऑर्केस्ट्रा ई मेजरमध्ये, म्हणजे पांढरी तीनच्या पट्टीत वाजतो आहे. बी फ्लॅटवाल्याच्या कागदावर तेव्हा सहा शार्प येतात, ए वाल्याच्या कागदावर फक्त एक. जलद जागा वाजवताना हा फरक बोटांना कळतो.

शिवाय मोठ्या रचना ए साठीच लिहिलेल्या आहेत. मोझार्टचं 1789 चं क्विंटेट, त्याचाच 1791 चा कॉन्चेर्तो, ब्राम्सचं 1891 चं क्विंटेट. कॉन्चेर्तोची पियानोसह वाजवायची बी फ्लॅट आवृत्ती मिळते, त्यामुळे प्रवेशपरीक्षेत तिच्यावर भागू शकतं. ऑर्केस्ट्रात मात्र एकाच रचनेत दोन्ही वाद्यं आलटून-पालटून लागतात. मनातल्या मनात पट्टी बदलून सगळं बी फ्लॅटवर वाजवू म्हटलं, तरी ए चा सर्वांत खालचा स्वर त्यावर निघतच नाही. दोघांना माउथपीस मात्र एकच चालतो, म्हणून नव्या वाद्याशी ओठांची ओळख लवकर होते.

ई फ्लॅट आणि बास का नकोत? बर्लिओझच्या 1830 च्या 'सिंफनी फँटास्टिक'मध्ये ई फ्लॅट आहे, चायकोव्हस्कीच्या 1892 च्या 'नटक्रॅकर'मध्ये बास आहे. पण ते वाजवायला एकेकच जण लागतो आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची पाळी क्वचित येते. ही वाद्यं बहुतेक महाविद्यालयं स्वतः बाळगतात आणि विद्यार्थ्यांना वापरायला देतात. चांगल्या बासची किंमत तर अनेकदा ए च्या दुपटीच्या वर जाते. पाळी आलीच, तर स्वतःचा एक चांगला बास माउथपीस घ्या. कॉलेजचं वाद्यही त्याने सुधारतं आणि खर्च थोडक्यात आटोपतो.

जर्मनी किंवा ऑस्ट्रियाला जाणाऱ्यांनी मात्र थांबावं. आपल्याकडे शिकवली जाते ती बोहम पद्धतीची कळरचना. तिथल्या ऑर्केस्ट्रांमध्ये जर्मन पद्धतीचं वाद्य चालतं. शिक्षकांशी बोलण्याआधी बोहमचा ए घेतला, तर पैसे अडकून पडतील.

ए घेताना शक्यतो तुमच्या बी फ्लॅटच्याच कंपनीचा घ्या, म्हणजे फुंक आणि कळा दोन्हीकडे सारख्या वाटतात. ए कमी वाजतो, म्हणून वापरलेलाही बऱ्याचदा चांगल्या अवस्थेत मिळतो. तुमचा माउथपीस लावून, ट्यूनर समोर ठेवून प्रत्येक स्वर तपासा. वरच्या जोडाला तडा आहे का, ते उजेडात बघा. काही दिवस वापरून परत देण्याची सोय असेल तिथूनच घ्या.

आणखी एक गोष्ट. चांगला क्लॅरिनेट आफ्रिकन ब्लॅकवुडचा असतो. मुंबईच्या किंवा कोचीच्या दमट हवेतून तो शिकागोच्या हिवाळ्यात, हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत गेला, की लाकूड आकसतं आणि तडकू शकतं. पेटीत ओलावा राखणारी पुडी ठेवा. वाद्य नवं असेल तर सुरुवातीचे काही आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटंच वाजवा. या कारणासाठीही, आणि मागवलेल्या वाद्यावर लागणारा सीमाशुल्काचा खर्च टाळण्यासाठीही, मी तिथे पोहोचून दोन-चार वाद्यं वाजवून पाहिल्यावरच ए घ्यायला सांगतो.

पण पैसे बाजूला काढण्याआधी तुमच्या होणाऱ्या शिक्षकांना एक ईमेल करा. तीनच प्रश्न विचारा. पहिल्या वर्षी मला ए लागेल का? कॉलेज कोणते क्लॅरिनेट वापरायला देतं? घ्यायचाच झाला, तर निवडायला तुम्ही मदत कराल का? हे विचारण्यात संकोच नको. शिक्षकांना अशा ईमेलची सवय असते. उरलेल्या पैशांत वर्षभराच्या रीड, वाद्याचा विमा आणि एक चांगली दुरुस्ती सहज बसते, आणि पहिल्या वर्षी खरी गरज त्यांचीच पडते.

पुढच्या भागात रीड निवडण्याबद्दल बोलू. तोवर रियाज चालू ठेवा.