एका काठीवर उभा खेळ

काठी पायाखाली घेऊन अंकल स्क्रूज उडी मारतो, शत्रूच्या डोक्यावर आदळतो आणि पुन्हा वर उसळतो. ‘डकटेल्स’ हा अख्खा व्हिडिओ गेम या एका उडीवर उभा आहे. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या आठ-बिट यंत्रासाठी काढला. आज पुन्हा खेळायला घेतला, तरी त्यातली हुशारी तितकीच ताजी वाटते.

कार्ल बार्क्स या चित्रकाराने १९४७ मध्ये कॉमिकसाठी घडवलेला हा धनाढ्य, चिक्कू बदक १९८७ मध्ये ‘डकटेल्स’ याच नावाच्या मालिकेतून टीव्हीवर आला. नव्वदच्या दशकात दूरदर्शनने ही मालिका हिंदीतून दाखवली आणि आपल्याकडच्या मुलांनाही स्क्रूज घरचा वाटू लागला. गेम करणाऱ्यांनी त्याचा चेहरा तर घेतलाच, पण त्याचा स्वभावही खेळाच्या नियमांत उतरवला. फिरायला जाताना हातात असते तीच काठी इथे त्याचे शस्त्र होते. तिच्यावर उसळत तो काट्यांवरून सुखरूप जातो, पेट्या फोडतो; तीच फिरवून दगड भिरकावतो. गुण म्हणून मिळतात ते डॉलर. कितीतरी हिरे डोळ्यांना दिसतच नाहीत; रिकाम्या वाटणाऱ्या जागी उडी मारली की ते प्रकट होतात. खेळता खेळता मुलाची नजरही स्क्रूजसारखी होते: प्रत्येक कोपरा चाचपून पाहावा, काही सोडू नये.

ॲमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र अशा पाच ठिकाणांपैकी आधी कुठे जायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. खाणीचे दार मात्र बंद असते आणि त्याची किल्ली ट्रान्सिल्व्हेनियात असते. हिमालयाच्या भुसभुशीत बर्फात काठी रुतते आणि सवयीची झालेली उडी अचानक दगा देते. यातले काहीही गेम आधी समजावत बसत नाही. मूल पडते, थांबते, विचार करते आणि दुसरी वाट काढते.

हिरोशिगे तोनोमुरा यांचे संगीत हा आणखी एक ठेवा. त्या यंत्राकडे आवाजाच्या जेमतेम पाच वाहिन्या होत्या. तेवढ्यात त्यांनी चंद्रासाठी बांधलेली धून आजही जगभरचे वादक हौसेने वाजवतात.

२०१३ मध्ये वेफॉरवर्ड या कंपनीने गेम नव्याने, हाताने रेखाटलेल्या चित्रांसह आणला. मालिकेत स्क्रूजला आवाज देणारे ॲलन यंग वयाच्या ९३व्या वर्षी पुन्हा तोच आवाज घेऊन आले, ही त्यातली सर्वांत सुंदर गोष्ट. मात्र कथा सांगण्यासाठी घातलेले संवाद खेळाची लय वारंवार तोडतात. मूळ गेम नुसत्या कृतीतून जे उमगू देत होता, ते इथे बोलून दाखवले जाते.

२०१७ च्या ‘द डिस्ने आफ्टरनून कलेक्शन’मध्ये मूळ गेम पुन्हा उपलब्ध झाला. त्यात चूक झाली की खेळ मागे नेण्याची सोय आहे. लहान मुलांना तिचा आधार जरूर द्यावा. पण एखादी फेरी त्या सोयीशिवाय खेळू द्यावी आणि शेजारी बसून उत्तर सांगण्याचा मोह आवरावा. मुलांसाठी खेळ करायचा म्हणजे तो सोपा करायचा, असे या गेमच्या कर्त्यांनी मानले नाही. मूल स्वतः शोधून काढेल, यावर त्यांनी भरवसा ठेवला. मुलांसाठी काहीही घडवणाऱ्याने त्यांच्याकडून घ्यावे, ते हेच.