एकट्याची गाडी, तिघांची गाडी

कार्टला स्प्रिंग नसतात, शॉक अ‍ॅब्सॉर्बर नसतात आणि डिफरन्शियलही नसतो. पोलादी नळ्या वाकवून केलेली चौकट, तिच्यावर फायबरची सीट, सीटच्या उजव्या अंगाला टू-स्ट्रोक इंजिन आणि त्या इंजिनाने चेनद्वारे फिरणारा मागचा आख, एवढाच संसार. मागची दोन्ही चाके या एकाच आखावर घट्ट बसवलेली असल्याने ती सारख्याच गतीने फिरतात. सरळ रस्त्यावर याने काही बिघडत नाही. वळणावर मात्र बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते, आतल्याला कमी. दोन्ही जमिनीला चिकटून राहिली तर कार्ट वळायला नकार देते आणि नाकासमोर रेटत जाते. म्हणून पुढच्या चाकांची ठेवणच अशी कललेली असते की स्टिअरिंग वळवताच आतल्या बाजूचे पुढचे चाक खाली दाबले जाते, चौकट पिळवटते आणि मागचे आतले चाक जमिनीवरून किंचित उचलले जाते. हे चाक किती वेळ हवेत ठेवायचे आणि कुठे टेकवायचे, यावर त्या वळणातला सारा वेग ठरतो.

आठ-दहा वर्षांचे मूल हे समजून घेत नाही, अंगाने शिकते. सीटच्या कडा बरगड्यांना घासतात, म्हणून छातीभोवती संरक्षक कवच बांधावे लागते. हेल्मेटसकट मान प्रत्येक वळणाला बाहेर ओढली जाते. सीनियर गटातले 125 सीसीचे रोटॅक्स मॅक्स इंजिन सुमारे 30 अश्वशक्ती देते. लहान मुलांच्या मायक्रो आणि मिनी गटांत ते लगाम घालून मंद केलेले असते. इंजिन सीलबंद येते, त्याच्या आतल्या भागांशी खेळ करता येत नाही. करता येतात ते बाहेरचे बदल: टायरमधली हवा, मागच्या चाकांमधले अंतर, मऊ किंवा कडक आख, चेनच्या चकत्यांचे दाते, कार्ब्युरेटरचा जेट. वजन कमी भरले तर सीटला शिशाचे तुकडे बोल्टने कसतात. दिवसभरात ट्रॅकवर रबर साचत जाते, पकड वाढते आणि सकाळी उत्तम चालणारी कार्ट दुपारी वळणात उड्या मारू लागते. मग वडील आणि मेकॅनिक वाकून पुन्हा पाना फिरवतात. बऱ्याचदा ही दोन माणसे एकच असतात.

भारतात हे शिक्षण मोजक्या ठिकाणी मिळते. कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे, मुंबईत वडाळ्याला इंडिकार्टिंग आहे, बंगळुरूला मेकोचा ट्रॅक आहे. साखर आणि कुस्तीच्या कोल्हापूरने शर्यतीची गाडी चालवणारी मुले घडवावीत याचे बाहेरच्यांना नवल वाटते. पण जिथे ट्रॅक असतो तिथेच चालक तयार होतात, हा या खेळाचा साधा हिशेब आहे. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक पुढे ब्रिटनच्या फॉर्म्युला 3 मालिकेत उतरला. मुंबईत कार्टिंगचे अनेकदा राष्ट्रीय विजेते राहिलेले रायोमंड बनाजी यांनी एक पिढी शिकवून तयार केली; जेहान दारूवाला हे त्या पिढीतले सर्वांत ठळक नाव.

2011 साली फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने देशभरातल्या कार्ट चालकांतून मुले निवडली. त्यांत बंगळुरूचा अर्जुन मैनी होता आणि मुंबईचा दारूवालाही. दोघे साधारण तेरा वर्षांचे. दोघांनाही लगेच युरोपची वाट धरावी लागली, कारण देशातल्या शर्यतीत ओळीत थोड्याच कार्ट उभ्या राहतात, तर इटलीतल्या लोनातो किंवा सार्नोसारख्या ट्रॅकवर एकाच गटात वेगवेगळ्या देशांची डझनावारी मुले येतात आणि त्यांची वेळ सेकंदाच्या काही दशांशांत सामावते. तिथे दहाव्या क्रमांकावरून पुढे येणे हेच खरे प्रशिक्षण असते. दारूवाला 2013 साली ज्युनियर गटाच्या जागतिक स्पर्धेत तिसरा आला.

कार्टमध्ये मूल आणखी एक गोष्ट शिकते, ती कोणी मुद्दाम शिकवत नाही. समोरचा प्रत्येक जण अडथळा आहे, आणि स्वतःच्याच संघातला, तंबूत शेजारी बसून डबा खाणारा मुलगा हा सर्वांत मोठा अडथळा आहे. कारण त्याची गाडी तशीच असल्याने तुलना थेट त्याच्याशी होते. पुढची दहा वर्षे हाच स्वभाव जोपासला जातो.

कार्टनंतर एक आसनी, उघड्या चाकांच्या गाड्या येतात. मोटर शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची फॉर्म्युला 4 ही पायरी 2014 पासून आहे आणि तिला किमान वय 15 लागते. भारतात त्याआधीची रीत वेगळी होती. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती 800 चे इंजिन बसवून फॉर्म्युला मारुती घडवली आणि तिच्यावर अनेक चालक वाढले. पुढे फॉर्म्युला एलजीबीच्या गाड्या आल्या. कोइम्बतूरचा ट्रॅक आजही करिवर्धन यांच्याच नावाने ओळखला जातो. भारताची स्वतःची फॉर्म्युला 4 मालिका 2023 मध्ये सुरू झाली आणि 2024 मध्ये चेन्नईच्या रस्त्यांवर दिव्यांच्या उजेडात तिची शर्यत झाली.

या गाड्यांत मुलाला प्रथमच पंख भेटतात. हवा गाडीला खाली दाबते, त्यामुळे वेगवान वळणात वेग जितका जास्त तितकी पकड जास्त. कार्टवर मुरलेल्या मनाला हे उलटे वाटते आणि त्यावर विश्वास बसायला काही महिने जातात. पुढच्या गाडीच्या अगदी मागे गेले की तिने घुसळलेली हवा हा दाब हिरावून घेते आणि नाक वळणाबाहेर जाऊ लागते. इथे पहिल्यांदा इंजिनिअर नावाचा माणूस आयुष्यात येतो. संगणकावर दोन चालकांच्या ब्रेकच्या, थ्रॉटलच्या आणि स्टिअरिंगच्या रेघा एकावर एक ठेवून तो दाखवतो की तिसऱ्या वळणाला ब्रेक सोडण्यात पाच मीटरची घाई झाली. मैनी 2014 साली ब्रिटनच्या बीआरडीसी फॉर्म्युला 4 मालिकेत दुसरा आला. पहिला होता जॉर्ज रसेल. तीन वर्षांनी, मे 2017 मध्ये, बार्सिलोनाला जीपी3 ची शर्यत मैनीने जिंकली; त्या मालिकेतला भारतीयाचा तो पहिला विजय.

फॉर्म्युला 3, मग फॉर्म्युला 2. खर्च आता वर्षाला काही कोटी रुपयांचा असतो आणि तो बहुतेक वेळा चालकाकडच्या लोकांनीच उभा करायचा असतो. 2018 पासून वापरलेल्या एफ2 गाडीला पॉवर स्टिअरिंग नव्हते, त्यामुळे मनगटे आणि खांदे यांची कसोटी लागे. पिरेलीचे टायर झपाट्याने झिजतात, म्हणून पहिल्या फेऱ्यांत मुद्दाम हळू जाऊन ते राखावे लागतात. शर्यत म्हणजे सतत जोर लावणे नव्हे, हे इथे पहिल्यांदा गळी उतरते. मैनी 2018 मध्ये ट्रायडेंट संघातून एफ2 मध्ये होता. दारूवालाने 2020 च्या मोसमाअखेरीस साखीरला एफ2 ची शर्यत जिंकली. तिथेही तो पहिला भारतीय ठरला.

फॉर्म्युला वनच्या दाराशी मात्र गर्दी फार. परवान्यासाठी तीन मोसमांत मिळून 40 गुण लागतात, आणि ते मिळाले तरी जागा रिकामी असावी लागते. बहुतेकांची वाट इथे संपते. न्यूझीलंडच्या ब्रेंडन हार्टलीची 2010 मध्येच संपल्यासारखी झाली होती. रेड बुलने त्याला आपल्या युवा योजनेतून काढले. तो सहनशक्तीच्या शर्यतींकडे वळला. 2013 ला फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एलएमपी2 या प्रोटोटाइप वर्गातल्या एका गाडीत तो आणि चेन्नईचा करुण चांढोक सहचालक होते. पुढच्या वर्षी पोर्शेने त्याला घेतले. ल माँची शर्यत तो 2017, 2020 आणि 2022 अशी तीनदा जिंकला. फॉर्म्युला वननेही त्याला मध्यंतरी बोलावले, पण नाव झाले ते इथेच.

मैनीची वाटही 2019 मध्ये इकडे वळली. आरएलआर एमस्पोर्ट संघाच्या ओरेका 07 गाडीतून तो युरोपियन ल माँ मालिकेत आणि जूनमध्ये खुद्द ल माँच्या चोवीस तासांत उतरला. सोबत कॅनडाचा जॉन फरानो आणि फ्रान्सचा नॉर्मन नातो. गाडी बंद छपराची, 4.2 लिटरच्या व्ही8 इंजिनाची, सुमारे 600 अश्वशक्तीची. हिला पॉवर स्टिअरिंग असते आणि ट्रॅक्शन कंट्रोलही. एकेका फेरीपुरती ती एफ2 पेक्षा सोपी म्हणावी लागेल. अवघड आहे ते फेऱ्यांच्या बाहेरचे.

पहिली गोष्ट म्हणजे गाडी आता एकट्याची नसते. सीट सर्वांत धिप्पाड चालकाच्या मापाची असते. बाकीचे दोघे आपापल्या पाठीच्या आकाराचा फोमचा साचा घेऊन येतात. सस्पेन्शन, ब्रेकचा समतोल, पंखांचा कोन हे सगळे तिघांना चालेल असे ठेवायचे. एखाद्याला मागून थोडी सैल गाडी आवडत असली, तरी पहाटे चार वाजता थकलेल्या जोडीदाराला ती झेपणार नाही, म्हणून त्याने आवड गुंडाळून ठेवायची. कार्टच्या तंबूत ज्याचा पराभव हेच ध्येय होते, त्या सहकाऱ्याला आता आपल्या ब्रेकच्या रेघा स्वतःहून दाखवायच्या असतात. हा बदल गिअर बदलण्याइतका सहज होत नाही. कित्येक अतिवेगवान एक आसनी चालक इथे टिकत नाहीत ते याच कारणाने.

दुसरी गोष्ट वर्गवारी. महासंघ चालकांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ अशा श्रेणी देतो. एलएमजीटी3 या जीटी3 गाड्यांच्या वर्गात प्रत्येक गाडीत ब्राँझ चालक सक्तीचा आहे. ब्राँझ म्हणजे बहुधा उद्योग-व्यवसायात यश मिळवून उशिरा शर्यतीकडे आलेला हौशी माणूस, आणि संघाचा खर्चही बऱ्याचदा तोच उचलतो. तरुण व्यावसायिक चालकाचे काम त्याच्यापेक्षा वेगाने चालवणे एवढेच नसते. त्याला वेगवान करणे हे त्याहून मोठे काम. खेळाच्या शुद्धतेचा आग्रह धरणारे याला नाके मुरडतात. पण या व्यवस्थेवरच शेकडो तरुणांची रोजीरोटी चालते, आणि जो एफ2 मध्ये पैसे भरून गाडी चालवत होता त्याला इथे गाडी चालवण्याचे पैसे मिळतात.

तिसरी गोष्ट रहदारी. ल माँचा ट्रॅक 13.626 किलोमीटरचा, त्यातला मोठा भाग एरवी सार्वजनिक रस्त्याचा. सर्वांत वेगवान वर्गातली हायपरकार साधारण साडेतीन मिनिटांत फेरी पुरी करते, जीटी3 गाडीला सुमारे चार मिनिटे लागतात. म्हणजे दर सात-आठ फेऱ्यांनी वेगवान गाडी हळू गाडीला गाठते, आणि हळू गाड्या वीसहून अधिक असतात. ट्रॅकवरच्या ‘पोर्शे’ नावाच्या वळणांच्या आत कोणाला गाठले आणि बाहेर पडल्यावर कोणाला, यावर कित्येक सेकंद जातात. इथे कार्टची शाळा कामी येते. गर्दीत मोकळी जागा कुठे उघडणार आहे ते आधीच ओळखणे, हे दहाव्या वर्षी शिकलेले डोळे विसरत नाहीत.

नवख्याला ट्रॅकवर सोडण्याआधी सिम्युलेटरवरचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते, चाचणीच्या दिवशी फेऱ्या मारून दाखवाव्या लागतात आणि सरावात अंधारातल्या पाच फेऱ्या नोंदवाव्या लागतात. शर्यतीत कोणालाही सहा तासांच्या अवधीत चार तासांपेक्षा जास्त आणि एकूण चौदा तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. पाळी बदलताना पिटमध्ये गाडी थांबते, इंजिन बंद होते. उतरणारा चालक पट्टे, रेडिओची वायर आणि पाण्याची नळी सोडवून, आपला साचा ओढत बाहेर पडतो. चढणारा आत सरकतो आणि उतरलेलाच त्याचे पट्टे आवळून देतो. हा प्रकार आधी गॅरेजमध्ये पुन्हा पुन्हा घोटून घेतात. मग उतरलेल्याने इंजिनिअरशी दोन शब्द बोलायचे, खायचे आणि झोपायचे. शंभर मीटरवर इंजिने किंचाळत असताना दोन तास झोप लावता येणे हेही कौशल्यच समजले जाते.

लहानसा हलगर्जीपणाही महाग पडतो. 2009 साली नारायण कार्तिकेयन ऑडी गाडीतून ल माँला उतरणार होता. शर्यतीपूर्वी पिटची भिंत ओलांडताना तो पडला, खांदा निखळला आणि त्याच्या दोन साथीदारांना चोवीस तास दोघांतच वाटून घ्यावे लागले. भारतीयाची पहिली प्रत्यक्ष शर्यत त्यामुळे 2012 पर्यंत लांबली. त्या वर्षी चांढोकची गाडी एकूण सहावी आली. 2021 च्या फेब्रुवारीत दुबई आणि अबुधाबीला आशियाई ल माँ मालिका झाली, तेव्हा रेसिंग टीम इंडियाच्या गाडीत कार्तिकेयन, मैनी आणि ब्राँझ श्रेणीतले नवीन राव असे तिघे होते. मैनी त्यानंतर जर्मनीतल्या डीटीएम मालिकेत जीटी3 गाड्या चालवू लागला.

हल्ली काही मुले एफ2 च्या पायऱ्या न चढता थेट इकडे येतात. अमेरिकेचा जॉश पिअर्सन 2022 मध्ये ल माँला उतरला तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा होता, आजवरचा सर्वांत लहान. कार्टमधल्या मुलाच्या पालकांनी हा पर्याय शेवटचा नव्हे तर बरोबरीचा मानावा, असाच हिशेब सांगतो. फॉर्म्युला वनच्या मोसमात सारे मिळून बावीस जागा असतात. ल माँच्या एका शर्यतीत 62 गाड्या सुटतात, प्रत्येकीत तीन चालक, म्हणजे 186 जण.