कोरियन गाण्यांचे कार्यक्रम : आपल्या लेकी कशाला भेटायला निघाल्यात?



गेल्या महिन्यात चोपडा तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. हप्ते जमा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या, आणि चहा येईपर्यंत एका ताईंनी हळूच विषय काढला. त्यांची लेक आठवीत आहे. तिनं भिंतीवर सात पोरांचा फोटो चिकटवलाय आणि ‘मी मोठी झाल्यावर कोरियाला फॅन मीटिंगला जाणार’ असं म्हणते. मोबाइलवरचा फोटो हातोहात फिरला. एका आजींनी एका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारलं, ‘हाऊ पोऱ्या शे का पोर, व माय?’ सगळ्या हसलो. त्या ताई मात्र हसल्या नाहीत.

त्यांची भीती उगाच नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यातून तीन मुली घरातून निघाल्या. एक ११ वर्षांची, दोघी १३ वर्षांच्या. पुण्याला जायचं, काम करून पैसे जमवायचे आणि मग कोरियाला जाऊन बीटीएस या गटाला भेटायचं, असा त्यांचा बेत होता. आपल्याला पळवून नेलंय असा खोटा फोनही केला गेला. पोलिसांनी त्या नंबरचा माग काढला, तर तो फोन उमरगा-पुणे एसटीतल्या एका बाईचा निघाला. सोलापूरच्या पुढे मोहोळ बसस्थानकावर दुकान चालवणाऱ्या एका बाईंच्या मदतीनं मुलींना खाली उतरवून घेतलं. त्याच वर्षी जानेवारीत तमिळनाडूतल्या करूरच्या तीन मुलीही अशाच निघाल्या होत्या. जवळ साठवलेले १४ हजार रुपये होते आणि विशाखापट्टणमहून जहाजानं जाऊ असं त्यांना वाटत होतं. त्याही सुखरूप सापडल्या.

या मुली नुसत्या पळाल्या नव्हत्या, त्या ‘भेटायला’ निघाल्या होत्या. मग ही भेट असते तरी कशी? आम्हालाही नीट माहीत नव्हतं. आम्ही गावातल्या मुलींना समोर बसवलं आणि म्हटलं, आज तुम्ही मास्तरीण. बाकीचं शोधून वाचलं. तेच आज सांगतो.

बीटीएस हा सात जणांचा गट २०१३ मध्ये सुरू झाला. त्यांच्या चाहत्यांना आर्मी म्हणतात. लेक ‘मी आर्मीत आहे’ म्हणाली तर घाबरू नका, लष्कराशी त्याचा संबंध नाही. असे गट कोरियात पुष्कळ आहेत आणि चाहत्यांना भेटण्याच्या त्यांच्या तऱ्हाही पुष्कळ आहेत.

सगळ्यात मोठा कार्यक्रम म्हणजे कॉन्सर्ट. मोठं मैदान, तिकीट, दोन-तीन तास गाणी आणि नाच. प्रत्येकाच्या हातात त्या गटाचा दिवा असतो, त्याला लाइटस्टिक म्हणतात. तो यंत्राला जोडला की हजारो दिवे एकदम रंग बदलतात. गाण्यात ठरलेल्या जागी चाहते एका सुरात नावं पुकारतात, आणि हे आधी पाठ करून जातात. आपल्याकडे संगीत नाटकात लोक ‘वन्स मोर’ म्हणायचे, यात्रेत तमाशाच्या फडासमोर शिट्ट्या वाजतात, पण ते ज्याच्या त्याच्या मनानं. इथं प्रेक्षकालासुद्धा तालीम लागते.

फॅन मीटिंग त्याहून छोटी. तिलाही तिकीट असतं, पण गाणी कमी आणि गप्पा, खेळ, थट्टामस्करी जास्त. नावात मीटिंग असली तरी समोरासमोर बोलायला मिळेलच असं नाही. कलाकार मंचावर आणि आपण खुर्चीत, असंच बहुतेक असतं. हे ऐकून आमच्या दोन मुलींचे चेहरे उतरले.

खरी समोरासमोरची भेट होते ती फॅन साइनमध्ये, आणि आम्हाला सगळ्यात जास्त खटकलं तेही तिथलंच. नवा अल्बम, म्हणजे गाण्यांची सीडी आणि फोटोंचा संच, बाजारात आला की ठरावीक दुकानं सोडत काढतात. एक अल्बम घेतला की सोडतीत एक चिठ्ठी. ज्यांचं नाव निघेल त्यांनी रांगेनं यायचं, टेबलापलीकडच्या कलाकाराकडून सही घ्यायची, जेमतेम मिनिटभर बोलायचं आणि पुढे सरकायचं. आता एका अल्बमला एक चिठ्ठी म्हटल्यावर काय होणार? लोक एकाच अल्बमच्या पन्नास-पन्नास, शंभर-शंभर प्रती घेतात, तरी नाव निघेलच असं नाही. उरलेल्या सीड्यांचं करायचं काय? कुणी वाटून टाकतं, कुणी फेकून देतं. आपण भिशीत पैसे घालतो तर आज ना उद्या आपला नंबर लागतो. इथं पैसे गेले ते गेलेच. कायद्यानं यात काही गैर नसेल, पण लहान पोरींच्या मायेवर चालवलेला हा धंदा आम्हाला आवडला नाही, हे स्पष्ट सांगतो.

कोरोनाच्या काळात, २०२० पासून, ही भेट व्हिडिओ कॉलवरही सुरू झाली. तिथंही सोडत आणि वेळ मिनिट-दोन मिनिटंच. हाय-टच म्हणून आणखी एक प्रकार आहे. त्यात रांगेनं जाताना टाळीला टाळी द्यायची, थांबायचंही नाही. टीव्हीच्या गाण्यांच्या कार्यक्रमांचं चित्रीकरण बघायला चाहते पहाटेपासून रांगा लावतात. आणि सोल शहरात होंगदे नावाचा भाग आहे, तिथं होतकरू पोरं रस्त्यावर नाचतात-गातात. ते मात्र फुकट.

काही कार्यक्रमांना कलाकार येतच नाहीत, चाहतेच ते भरवतात. कलाकाराच्या वाढदिवसाला एखादं चहा-कॉफीचं दुकान सजवतात, कपांवर त्याचा फोटो लावतात आणि एकमेकांना भेटतात. कार्यक्रमाला हारतुरे पाठवायचे त्याऐवजी तांदळाची पोती पाठवायची, अशीही तिथं रीत आहे. ते तांदूळ पुढे गरजूंना देतात. हे ऐकून बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या.

वेड फक्त तिकडंच आहे असं मात्र नाही. जुहूला अमिताभ बच्चन यांच्या जलसा बंगल्याबाहेर अनेक वर्षं रविवारी गर्दी होत आलीय. २ नोव्हेंबरला वांद्र्याच्या मन्नतसमोर शाहरुख खानला बघायला कुठून कुठून लोक येतात. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथं फोटो काढून आल्यात! जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा नावाचा संगीताचा मेळा झाला, तिथं जॅक्सन वांग गाऊन गेला. तो मूळचा हाँगकाँगचा, पण कोरियातल्या गॉट सेव्हन या गटातून पुढे आलेला. म्हणजे असे कलाकार इकडेही येतात.

आता फसवणुकीबद्दल. आमच्या ओळखीच्या एका मुलीला इन्स्टाग्रामवर निरोप आला, ‘मी स्वतः तुझा आवडता गायक, फॅन कार्डाचे दोन हजार पाठव, मग भेटू.’ तिनं आईच्या फोनवरून पाठवले. आईनं ते खतासाठी ठेवले होते. मुलगी आठ दिवस कुणाशी बोलली नाही, तेव्हा कुठं प्रकार कळला. हे लक्षात ठेवा, कलाकार असे खासगी निरोप पाठवून पैसे मागत नाहीत. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. मूल घरातून निघून गेलं तर ११२ किंवा १०९८. कोरियाला जायला पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, आणि १८ वर्षांखालच्या मुलांच्या पासपोर्टला आईवडिलांची संमती लागते. हे त्या उमरग्याच्या मुलींना कुणी आधी सांगितलं असतं, तर त्या एसटीत बसल्या नसत्या असं आम्हाला वाटतं.

बैठकीत एक ताई म्हणाल्या, ‘फोटो फाडून टाका, फोन काढून घ्या, विषय संपला.’ दुसरीनं विचारलं, ‘तुझ्या घरात सलमानचं कॅलेंडर होतं ते कुणी फाडलं होतं का?’ यावर बराच वेळ वाद झाला. काहींना पटलं, काहींना नाही.

त्या आठवीतल्या मुलीला आम्ही निघताना विचारलं, समज तुझी चिठ्ठी लागली, तुला एक मिनिट मिळालं, तर काय बोलशील? तिला आधी सुचेना. मग म्हणाली, ‘जेवलात का, असं विचारेन. तिकडं पण भेटल्यावर तसंच विचारतात.’ तिची आई दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, ‘मला तर कधी विचारलं नाहीस गं.’