हाडांतले शिसे आणि उतारवयातले स्नायू: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिसे पोटात किंवा फुप्फुसात गेले तरी थोड्या दिवसांत लघवीवाटे निघून जाते, हा त्याबद्दलचा सर्वांत पक्का गैरसमज आहे. रक्तातले शिसे साधारण महिनाभरात निम्म्यावर येते, म्हणून तसे वाटते. प्रत्यक्षात त्यातला बराच भाग बाहेर न पडता हाडांत मुरतो, कारण शरीराला शिसे आणि कॅल्शियम यांतला फरक नीट ओळखता येत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरातले ९० टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत असते. नडगीसारख्या घट्ट हाडातून ते निम्मे कमी व्हायलाही कित्येक वर्षे, बहुधा दशके लागतात.

म्हणूनच ‘शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, विषय संपला’ हे अर्धसत्य आहे. भारतात असे पेट्रोल २००० साली पूर्ण बंद झाले आणि अल्जीरियाने २०२१ मध्ये ते थांबवल्यावर जगभरातल्या पंपांवरून ते गेले. पण १९७० ते ९० च्या दशकांत ज्यांनी चौकात उभे राहून वाहतूक सांभाळली, टॅक्सी चालवली किंवा रस्त्याकडेच्या दुकानात दिवस काढले, ती माणसे आज साठी-सत्तरी ओलांडत आहेत आणि त्या काळातल्या शिशाचा काही भाग अजून त्यांच्या हाडांत आहे. हाड झिजू लागले की तो रक्तात परत येतो. स्त्रियांमध्ये पाळी बंद झाल्यानंतर हे विशेषतः घडते. अमेरिकेत १९७६ ते १९८० दरम्यान झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणाच्या आकडेवारीत, पाळी थांबलेल्या स्त्रियांच्या रक्तात शिसे अधिक असल्याचे दिसले होते. खुब्याचे हाड मोडून दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिल्यास किंवा थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागल्यासही हाडांची झीज वेगाने होते. घरात शिशाचा नवा स्रोत नसतानाही वृद्धाच्या रक्तात ते सापडू शकते, ते यामुळे.

शिशाचा संबंध मुलांच्या बुद्धीशी आणि रक्तक्षयाशी आहे, स्नायूंशी नाही, असेही मानले जाते. वैद्यकाला मात्र हा संबंध जुना ठाऊक आहे. पांढऱ्या शिशाचा रंग वापरणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय रंगाऱ्यांचे मनगट लुळे पडे. हात पुढे धरला तर पंजा खाली लोंबकळे आणि बोटे वर उचलता येत नसत. ब्रश धरायचा हात बहुधा आधी जाई. हा दोष मुख्यतः मनगट उचलणाऱ्या स्नायूंपर्यंत पोहोचणाऱ्या मज्जातंतूचा असतो. मज्जातंतूच्या टोकाशी कॅल्शियमच्या इशाऱ्यावर अ‍ॅसिटिलकोलिन सुटते, तेव्हा स्नायू आकुंचन पावतो. शिसे कॅल्शियमची ती वाटच अडवते. शिवाय ते पेशींवरचा ऑक्सिडीकरणाचा ताण वाढवते आणि हिमोग्लोबिन तयार होण्यात अडथळा आणते, त्यामुळे स्नायूंना प्राणवायूही कमी पडतो.

मनगट लुळे पडायला शिसे भरपूर लागते. आजच्या वृद्धांमध्ये आढळणारे प्रमाण त्याच्या मानाने फार कमी असते आणि इथे पुरावाही तितका ठाम नाही. अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्या लोकांच्या एका अभ्यासात रक्तात शिसे जास्त असलेल्या स्त्रिया हळू चालत असल्याचे दिसले, पुरुषांत तसे दिसले नाही. अशा एकवेळच्या पाहणीतून संबंध कळतो, कारण सिद्ध होत नाही. त्यामुळे उलट टोकाचा समज, म्हणजे ‘म्हातारपणीचा अशक्तपणा शिशामुळेच’, हाही टिकत नाही. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार हाताची पकड पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी भरली, तर स्नायूंची ताकद घटली असे धरतात. त्यामागे बहुतेक वेळा बैठी राहणी, आहारातल्या प्रथिनांची कमतरता, मधुमेह, ड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा थायरॉइडचा बिघाड निघतो. शिसे हे यांच्या जोडीला येणारे एक शक्य कारण आहे.

‘रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे शिसे नाही’ हेही खरे नाही. रक्तातला आकडा मुख्यतः अलीकडच्या महिन्यांचा हिशेब देतो. हाडातले शिसे क्ष-किरणांच्या एका विशेष तंत्राने मोजता येते, पण ते संशोधनापुरतेच वापरात आहे. ‘सुरक्षित पातळी’ अशीही काही नसते; जागतिक आरोग्य संघटना तशी पातळी मानत नाही. अमेरिकेत मुलांसाठीचा संदर्भ-आकडा २०१२ मध्ये डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम ठरला होता, तो २०२१ मध्ये ३.५ वर आला.

घरातल्या स्रोतांबद्दल तर गोंधळच आहे. दोष अनेकदा पितळेच्या भांड्याला दिला जातो, पण नीट केलेल्या कल्हईत भांडे तापवून, नवसागर टाकून, आतून कथील पुसले जाते, शिसे नव्हे. शिसे कथिलापेक्षा पुष्कळ स्वस्त असल्याने ते त्यात मिसळले गेले की आंबट आमटी-ताकाबरोबर पोटात उतरते. देवाला लावायचा पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड असतो; तो हाताला लागून तोंडात जाणे टाळायला हवे. पॉलिश केलेल्या हळकुंडांना झळाळी यावी म्हणून पिवळे लेड क्रोमेट चोपडण्याचे प्रकार बांगलादेशात आणि भारताच्या काही भागांतही आढळले आहेत. ‘आयुर्वेदिक औषध म्हणजे निर्धोक’ हाही सोयीचा समज आहे. नागभस्म हे मुळात शिशाचेच, आणि बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे २००४ साली नोंदले गेले. सांधेदुखीसाठी भस्मे घेणारे बहुधा वयस्करच असतात, हे लक्षात घेण्याजोगे. पाणी उकळल्याने शिसे जात नाही. वाफ उडून गेल्यावर उरलेल्या पाण्यात ते उलट दाट होते.

राहिला ‘शरीर शुद्ध करणाऱ्या’ उपायांचा प्रश्न. शिशाला बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आहेत, पण ती तीव्र विषबाधेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची असतात. ती रक्तातले शिसे खाली आणतात. उपचार थांबला की हाडांतले शिसे रक्तात उतरते आणि आकडा पुन्हा चढतो. सौम्य पातळीच्या वृद्धाला ती देण्यात फायद्यापेक्षा जोखीमच मोठी. त्याऐवजी आहारातले कॅल्शियम आणि लोह पुरेसे ठेवले तर आतड्यातून शिसे कमी शोषले जाते, आणि वजन पेलणाऱ्या व्यायामाने हाड व स्नायू दोन्ही टिकतात. अशक्तपणाची तक्रार घेऊन आलेल्या वृद्धाला डॉक्टरांनी पूर्वीचा धंदाही विचारावा: बॅटरीचे काम, छापखान्यातले खिळे जुळवणे, रंगकाम, भंगार वितळवणे, डाख देणे. त्यातले काही निघाले, तर रक्तातल्या शिशाची तपासणी करून घेणे योग्य.