शिवछत्रपती पुरस्कार आणि आपले खाशाबा

शाळेच्या स्पर्धेत पहिला नंबर आला की आपल्याला वही नाहीतर पेन मिळतो. मग सगळ्या महाराष्ट्राचं नाव काढणाऱ्या खेळाडूला काय मिळत असेल? त्याच्यासाठी शिवछत्रपती राज्य क्रीडा पुरस्कार आहे. नाव राजाचं असलं तरी देतं ते आपलं सरकार. १९६९-७० सालापासून हा पुरस्कार सुरू आहे. मानपत्र, स्मृतिचिन्ह आणि रोख रक्कम असे त्याचे स्वरूप असते. खेळाडूंबरोबर मार्गदर्शक, दिव्यांग खेळाडू आणि साहसी खेळ करणारे यांनाही तो देतात.

पण तो आपोआप घरी चालत येत नाही बरं का! सरकार जाहिरात काढतं, मग खेळाडूने अर्ज करायचा. त्याने कुठल्या स्पर्धेत कितवा नंबर काढला, यावर गुण मिळतात. म्हणजे खेळून झाल्यावर पुन्हा कागदांची कुस्ती!

आपल्या कोल्हापूरची जुनी रीत थोडी वेगळी होती. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले होते. तिथे रोमचे जुने गोल मैदान त्यांनी पाहिले आणि तसलंच आपल्या पैलवानांसाठी करायचं ठरवलं. १९१२ साली खासबाग मैदान तयार झाले. कुठेही बसा, कुस्ती दिसतेच. महाराज जिंकणाऱ्याला बक्षीस देत, पण त्याआधी पैलवानाला तालीम आणि खुराकही देत. दूध, तूप, बदाम पोटात गेल्याशिवाय अंगात ताकद कुठून येणार? मला तर बक्षिसापेक्षा हा खुराकच मोठा वाटतो.

आता खाशाबा जाधवांची गोष्ट बघा. त्यांचा जन्म १९२६ साली गोळेश्वरला झाला. आपल्या शिरोलीवरून जो महामार्ग पुण्याकडे जातो, त्यावरच कराड लागते, त्याला लागून हे गाव. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला जायला कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च दिला. आपल्याकडे कुस्ती लाल मातीत, तिथे मॅटवर! तरीही त्यांचा सहावा नंबर आला.

१९५२ साली हेलसिंकीला जायचं तर पैशांची अडचण आली. तोवर कोल्हापूर संस्थान विलीन झाले होते. लोकांनी वर्गणी दिली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण! हे वाचून आमचे आजोबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. खाशाबांनी ५७ किलो वजनगटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली.

पुढे ते पोलीस खात्यात नोकरीला लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. शिवछत्रपती पुरस्कार त्यांना १९९२-९३ साली मिळाला, म्हणजे मरणोत्तर. केंद्र सरकारचा अर्जुन पुरस्कार १९६१ सालापासून आहे, तो त्यांना २००० सालचा मिळाला. तोही मरणोत्तरच. हार घालायला माणूस पाहिजे की नको?

खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणायला ७२ वर्षे लागली. ते आणलं आपल्याच जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने. त्याचे वडील शिक्षक. २००९ साली त्यांनी त्याला सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. तिथे मुलांना लहानपणापासून शिकवतात, सराव करून घेतात. माझ्या मते शाहू महाराजांच्या खुराकाच्या जवळची गोष्ट आज हीच आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये त्याने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले. यात गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून अशा तीन तऱ्हांनी नेम धरावा लागतो.

१७ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत राष्ट्रपतींनी त्याला अर्जुन पुरस्कार दिला. पदक मिळून सहा महिनेही झाले नव्हते, आणि तो घ्यायला स्वप्नील स्वतः तिथे होता.

— इयत्ता सातवी