घरातले ध्वनिमुद्रण आणि जिवंत आवाज

१९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. केंद्रीय मंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणामुळे त्या सुमारास आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली होती. साहजिकच बुधवारी रात्री घरोघर रेडिओचा काटा कोलंबोकडे वळे. निवेदक अमीन सयानी मात्र त्या घटकेला कोलंबोत नसत. त्यांचे निवेदन मुंबईत आधीच मुद्रित होई आणि ध्वनिफीत विमानाने लंकेस रवाना होई. तरीही श्रोत्यास वाटे की, हा गृहस्थ या क्षणी आपल्याशीच बोलतो आहे. मुद्रित कार्यक्रम निर्जीवच असावयाचा, या समजुतीला याहून समर्पक उत्तर नाही.

गाणी वाजवीत मधून मधून बोलणाऱ्या अशा निवेदकाला इंग्रजीत ‘डिस्क जॉकी’ म्हणतात. त्याचे सारे काम आता घरातील संगणकावर होऊ शकते. ध्वनिसंपादनाची ‘ऑडॅसिटी’ ही प्रणाली २००० सालापासून विनामूल्य उपलब्ध आहे. मायक्रोफोन आवाजाच्या लहरींचे विद्युत्-लहरींत रूपांतर करतो आणि संगणक त्या लहरीची उंची, सीडीच्या दर्जाचे मुद्रण असल्यास, सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकड्यांत नोंदवतो. या आकड्यांना एक कमाल मर्यादा असते. आवाज तिच्यापलीकडे गेला की लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि फाटका, कर्कश ध्वनी तेवढा उरतो. चुंबकीय फीत थोडासा अतिरेक सोसून घेई. संगणक मुळीच सोसत नाही. म्हणून आवाजाची शिखरे या मर्यादेच्या सहा-एक डेसिबल खालीच ठेवावीत.

तथापि नवशिक्याचे मुद्रण बिघडते ते बहुधा संगणकामुळे नव्हे, खोलीमुळे. उघड्या भिंती आणि फरशी आवाज परत फेकतात. माणसाचा कान त्याकडे दुर्लक्ष करतो, मायक्रोफोन करीत नाही. जाड गोधडी, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट, गाद्यांची चळत यांच्या सान्निध्यात बसल्यास हा घुमारा पुष्कळ ओसरतो. पंखा बंद ठेवणे वैशाखात जिवावर येते खरे. पण त्याची घरघर एकदा शब्दांत मिसळली की निवडून काढणे कठीण. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला असावा. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना श्वास त्यावर आदळतो.

संगणकाच्या पडद्यावर निवेदन आणि गीत वेगवेगळ्या पट्ट्यांवर एकाखाली एक मांडता येतात. गाण्याचा प्रारंभीचा वाद्यमेळ मंद करून त्यावर बोलावे आणि गायकाचा पहिला स्वर लागण्यापूर्वी थांबावे, हा या कलेचा जुना संकेत. पूर्वी तो घड्याळाकडे पाहून पाळावा लागे. आता पट्टी इकडेतिकडे सरकवली की झाले. मोह शिरतो तो येथेच. फितीच्या काळी चूक काढावयाची म्हणजे ब्लेडने फीत कापून पुन्हा चिकटवावी लागे; त्यामुळे लहानसहान अडखळणे तसेच राहू दिले जाई. आज प्रत्येक श्वास, प्रत्येक विराम पुसता येतो, आणि असे पुसून काढलेले निवेदन रेल्वे-स्थानकावरील घोषणेसारखे ऐकू येते. बोलणारा विचारासाठी क्षणभर थांबतो, तेव्हाच ऐकणारा कान टवकारतो. म्हणून प्रक्षेपण प्रत्यक्ष चालू आहे असे मानून, हेडफोनमधून गाणे ऐकत, संपूर्ण तास सलग मुद्रित करणे उत्तम. समोर लिहून काढलेला मजकूर नव्हे, चार टिपणे असावीत. गीतकाराचे नाव चुकले, साल चुकले, तर तेवढेच वाक्य मागाहून नव्याने बोलावे.

हक्कांचा प्रश्नही आहे. भारतात ध्वनिमुद्रिकेवरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे आणि गीतकार-संगीतकारांचे हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतात. मुद्रण स्वतःच्या घरात केले म्हणून प्रसारणाची मोकळीक मिळत नाही. समुदाय रेडिओचा परवाना तर व्यक्तीस मिळतच नाही. तो शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्रे, सेवाभावी संस्था यांच्यासाठी आहे. इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथे मराठी गीतांचा तास घडवू पाहणाऱ्याने अशा एखाद्या केंद्राशी आधी बोलणी केलेली बरी.

सीडीच्या दर्जाचे तासाभराचे मुद्रण सुमारे ६३५ मेगाबाइट जागा व्यापते. ते मूळ तसेच जपावे आणि धाडण्यासाठी एमपी-थ्री स्वरूपाची लहान प्रत वेगळी करावी. ती रवाना करण्यापूर्वी एकदा स्वयंपाकघरात, साध्या लहानशा स्पीकरवर, भाजी चिरता चिरता ऐकावी. तेथे शब्द गाण्याखाली बुडत असतील, तर वाद्यमेळ आणखी खाली उतरवावा लागेल.